दार उघडणाऱ्यांचं मत, आणि न उघडणाऱ्यांचं

करीरोडकर
सोमवार, रात्री १०:१२

परवा संध्याकाळी बेल वाजली. दारात विशी-बाविशीची मुलगी, हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. "काका, राजकीय सर्व्हे आहे, पाचच मिनिटं." आतून आमच्या सौ.चं नेहमीचं "नको म्हणावं" ऐकू आलं. मी तरी तिला आत घेतलं, पाणी दिलं. पाच मिनिटांची पस्तीस झाली. निघताना सहज विचारलं, आज किती दारं झाली गं? म्हणाली, "एकतीस. त्यातली सात उघडली. तुमचं सातवं."

मला माझे दिवस आठवले. १९९९ साली लोकसभा आणि विधानसभा एकदमच होत्या, राष्ट्रवादी नुकतीच जूनमध्ये जन्माला आलेली, आणि मी टी.वाय.ला. एका संस्थेसाठी लालबाग, परळ, शिवडी या पट्ट्यात फॉर्म भरत हिंडलो. मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावं काढलेली असत आणि त्याच माणसाला गाठायचं. तो नसेल तर परत जायचं, तिसऱ्यांदा जायचं. त्याच्याऐवजी त्याचा भाऊ चालत नाही. ऐकायला सोपं आहे. पण गिरणगावात यादीतली कितीतरी माणसं खोलीत राहतच नव्हती. नाव खोली नंबर चौतीसला, माणूस बदलापूरला. "मतदानाला येतात ना ते. आणि गणपतीला," असं शेजारीण सांगायची. आता हा मतदार लालबागचा की बदलापूरचा? मत लालबागला पडतं आणि पाण्याची बोंब बदलापूरची.

सापडला तरी तो एकटा कधीच नसे. चाळीच्या गॅलरीत एकाला विचारलं की पाच जण उत्तर देतात. बाईला विचारलं की ती नवऱ्याकडे बघते आणि नवरा म्हणतो, "लिहा, आमचं ठरलेलं आहे." आमच्यातला एक पठ्ठ्या तर काळाचौकीच्या टपरीवर बसून दोन कटिंगमध्ये आठ फॉर्म भरायचा. पकडला गेला, कारण त्याच्या सगळ्या बायका चाळीस वर्षांच्या निघाल्या आणि सगळ्यांना महागाईचीच काळजी.

तेव्हापासून टीव्हीवर "नमुना अमुक हजार" अशी पट्टी आली की मी मनात म्हणतो, बंद दारं किती ते सांगा की. तो आकडा पडद्यावर आलेला मी तरी पाहिला नाही. मुंबईत खरी बातमी त्याच आकड्यात असावी असं माझं मत.

तुमच्याकडे कोणी आलं होतं का? आणि खरं उत्तर दिलंत का?

वडाळा_ट्रक_टर्मिनल
सोमवार, रात्री १०:४०

सगळा पैशांचा खेळ आहे हो. १ जून २०२४ ची संध्याकाळ आठवा, लोकसभेच्या एक्झिट पोलची. बहुतेक वाहिन्यांवर रालोआ साडेतीनशेच्या वर, एक-दोघांनी तर चारशे पार नेऊन ठेवलं. ४ तारखेला पेटी उघडली तर २९३, त्यात भाजप २४०. एका सर्व्हेवाल्या साहेबांना टीव्हीवर रडू कोसळलं. ऑक्टोबरात हरियाणामध्ये काँग्रेसचं सरकार बसवून मोकळे झाले होते, तिथे भाजपने ९० पैकी ४८ घेतल्या. हे लोक २००४ पासून तेच करतायत, तेव्हाही वाजपेयी सरकार परत आणलं होतं यांनी.

दादरच्या फुटपाथवरचा पोपटवाला परवडला. तो निदान कार्ड तरी दाखवतो.

दलाल_स्ट्रीटचा_चहा
सोमवार, रात्री १०:५५

पोपटवाल्यामुळे माझे पैसे गेले नसते. ३ जूनला सेन्सेक्स २,५०७ अंकांनी वर, ४ जूनला ४,३८९ अंकांनी खाली. मी ३ तारखेला घेतले होते. याहून जास्त लिहवत नाही.

गणिताचा_मास्तर
सोमवार, रात्री ११:३०

"शितावरून भाताची परीक्षा" कोणीतरी लिहिणारच, म्हणून मीच लिहून संपवतो. म्हण खरी, पण भात एकाच डब्यात शिजलेला हवा. कुकरमध्ये डबे तीन असतात. वरचं शीत दाबून खालच्या डाळीबद्दल बोलता येत नाही. मलबार हिल, मालवणी आणि मुलुंड हे तीन वेगळे डबे आहेत.

थोडे आकडे. चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी १,००० माणसं निवडली, तर उत्तरात साधारण तीन टक्क्यांची चूक वर किंवा खाली धरायची. ती निम्मी करायची तर माणसं दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात, म्हणजे ४,०००. लोकसंख्या एक कोटी असो की शंभर कोटी, याने जवळपास काही फरक पडत नाही. हे सांगितलं की दरवर्षी वर्गात पोरं भांडतात.

गंमत पुढे आहे. महाराष्ट्राच्या त्या हजारांत मुंबईतले येणार शंभर-सव्वाशे. तेवढ्यांवरून "मुंबईचा कौल" काढलात तर चूक नऊ-दहा टक्क्यांवर जाते. त्यातून मराठी, गुजराती, उत्तर भारतीय असे कप्पे पाडले की एकेका कप्प्यात उरतात पंचवीस-तीस माणसं. एका लोकलच्या डब्यातल्या सात-आठ बाकड्यांएवढी. त्यांच्यावर वाहिन्या रात्रभर चर्चा करतात.

आणि ही फक्त योगायोगाची चूक झाली. करीरोडकर म्हणतात ती बंद दाराची चूक या सूत्रात येतच नाही, आणि माणसं वाढवून ती कमीही होत नाही. १९३६ मध्ये अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने एक कोटी कार्डं धाडली. वीस लाखांहून जास्त परत आली. त्यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार म्हणून छापलं आणि रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं नेली. पत्ते घेतले होते फोन आणि मोटार असणाऱ्यांच्या याद्यांतून. शिवाय ज्याला सरकारचा राग त्यानेच हौसेने कार्ड भरून पाठवलं. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने त्याहून कितीतरी कमी माणसं विचारून बरोबर सांगितलं. तोच गॅलप १९४८ मध्ये ट्रूमनच्या वेळी तोंडावर आपटला, हेही सांगायला हवं, नाहीतर वडाळाभाऊ सांगतील.

जागांचं गणित तर निराळंच. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांत किरकोळ फरक होता. जागा मात्र महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७. मतांची टक्केवारी अचूक काढणाराही जागांमध्ये फसला असता.

वडाळा_ट्रक_टर्मिनल
सोमवार, रात्री ११:४१

सांगणारच होतो.

शिवडी_नाका
मंगळवार, सकाळी ७:२०

मास्तर, वायव्य मुंबईत रवींद्र वायकर ४८ मतांनी आले. ४,५२,६४४ आणि ४,५२,५९६. काढा आता नमुना!

आमचा सर्व्हे वेगळा असायचा. मी पंचवीस वर्षं पक्षाचं काम केलं. कोणत्या ते शिवडी म्हटल्यावर कळलंच असेल. मतदार यादीचं एकेक पान एकेका पोराकडे. नावापुढे खूण करायची: आपला, त्यांचा, कुंपणावरचा. विचारायचं काहीच नाही, फक्त बघायचं. दहीहंडीची पावती फाडताना कोण किती कुरकुरतो, दारामागे कोणाचं कॅलेंडर आहे, नळाची तक्रार घेऊन कोण कोणाच्या ऑफिसात गेला, मयताला कोण आलं होतं. २०१७ ला पालिकेत शिवसेना ८४ आणि भाजप ८२ असं गळ्याशी आलं होतं, तेव्हाही आमच्या वॉर्डातला अंदाज बरोबर निघाला. टॅब नाही, काही नाही. जाड पेन्सिल फक्त.

२०२२ च्या जूननंतर ती यादी रद्दीत गेली. "आपला" अशी खूण आहे, पण आता कुठला आपला? तेव्हाची पोरंच दोन्हीकडे वाटली गेली. २०२४ ला पान घेऊन बसलो तर पहिल्याच नावावरून दोघांची जुंपली. लोकांनीही बोलायचं बंद केलं. पूर्वी शाखेसमोरून जाताना माणूस हात करायचा. आता मोबाइलमध्ये बघत जातो.

कांदा_लसूण_चालेल
मंगळवार, सकाळी ८:०५

फोनवरच्या सर्व्हेचं कोणी लिहीत नाहीये. "सरकारच्या कामावर समाधानी असाल तर एक दाबा." मी लोकलमध्ये दरवाजात लटकलेलो असतो, काय दाबणार? मागच्याचं पाकीट सांभाळतो.

संपादक
मंगळवार, सकाळी ९:१५

खरा पक्ष कोणता यावरचे चार प्रतिसाद काढून टाकले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे. शक्यतो तिथेही जाऊ नका.

खडू_डस्टर
मंगळवार, दुपारी २:३०

मी पालिका शाळेत शिकवते. आमचा निम्मा जन्म लोकांच्या दारात जातो. मतदार यादी, पोलिओ आणि अधूनमधून शिकवणंही. २०२४ च्या जानेवारीत राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण होतं, मराठा आरक्षणासाठीचं. मोबाइलवर ॲप, दीडशेच्या वर प्रश्न, हातात दहाएक दिवस.

करीरोडकर, तुमचा बंद दाराचा मुद्दा मुंबईत वॉचमनपासून सुरू होतो. टॉवरमध्ये दारापर्यंत पोचायलाच मिळत नाही. सरकारी काम आहे म्हटलं तर तो म्हणतो सेक्रेटरींना विचारतो, आणि सेक्रेटरी ऑफिसला. इंटरकॉमवरून वरच्या मजल्यावरची बाई सांगते, "मॅडम घर पे नहीं है." बोलणारी मॅडमच असते.

वस्तीत उलट. दार उघडंच असतं, पण दारात उभं राहिलं की आतले अंदाज बांधतात: ही घर तोडायच्या यादीवाली की योजनेच्या यादीवाली? त्यावर उत्तरं ठरतात. एका घरात मी पोचेपर्यंत फ्रीजवर चादर टाकलेली. मी विचारलं फ्रीज आहे का. "नाही बाई." आणि त्याच क्षणी त्याने नेहमीसारखी घरघर सुरू केली. दोघी हसलो. मी काय भरलं ते विचारू नका.

जातीच्या रकान्याला म्हणतात, "तुम्हीच लिहा की, आडनावावरून कळतंच ना."

गणिताचा_मास्तर
मंगळवार, दुपारी ४:१०

ताई, चादरीच्या गोष्टीवर मी एक अख्खा तास शिकवू शकतो.

तुमच्या टॉवरच्या मुद्द्याला जोडून. जे भेटत नाहीत त्यांची उणीव सर्व्हेवाले वजन देऊन भरून काढतात. वस्तीतले जास्त भेटले तर त्यांचं वजन कमी करायचं, टॉवरवाल्यांचं वाढवायचं. पण कोण किती आहेत हे कशावरून ठरवणार? जनगणनेवरून. शेवटची झाली २०११ ला. तेव्हा बृहन्मुंबई १ कोटी २४ लाख आणि त्यातले चाळीस टक्क्यांहून जास्त झोपडपट्टीत. २०२१ ची झालीच नाही, पुढची जाहीर झाली ती २०२७ ची. मधल्या काळात किती वस्त्यांच्या जागी पुनर्वसनाच्या इमारती आल्या, किती कुटुंबं विरार-कल्याणच्या पलीकडे गेली! पोराला २०११ च्या मापाचा सदरा चढवायचा आणि बटण लागत नाही म्हणून शिंप्याला बोलायचं, असं चाललंय.

अजून एक. ज्या टॉवरमधला एक माणूस भेटला आणि त्याला तिघांचं वजन दिलं, तो एक माणूस दार उघडणारा आहे. न उघडणारे त्याच्यासारखाच विचार करतात हे कोणी सांगितलं?

मुलुंडची_माई
मंगळवार, संध्याकाळी ६:४५

धाग्यात विचारलंय म्हणून सांगते. आजवर तीन वेळा सर्व्हेवाले आले, तिन्ही वेळा मी खोटं सांगितलं. हे हॉलमध्ये पेपर वाचत असतात. पेपर वाचताना त्यांना सगळं ऐकू येतं, एरवी हाक मारली तर येत नाही.

लग्नाला बत्तीस वर्षं झाली. मी मत कोणाला देते ते घरात कोणाला माहीत नाही. मतदानाहून येताना रिक्षात विचारतात, मी म्हणते, "तुम्ही दिलंत त्यालाच." घरात शांतता राहते आणि मत माझं राहतं.

कांदा_लसूण_चालेल
मंगळवार, संध्याकाळी ६:५०

माई, साष्टांग.

भाडेकरू_दोन_खोल्या
मंगळवार, रात्री ९:२०

माई निदान कबूल तरी करतात. राजकारण सोडून सामाजिक प्रश्न घ्या, तिथे अख्खं शहर खोटं सांगतं आणि स्वतःलाही ते खरं वाटतं.

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०१९ च्या शेवटी आणि २०२० च्या सुरुवातीला भारतात जवळपास ३०,००० लोकांशी बोलून केलेला अभ्यास आहे. दलित शेजारी चालेल म्हणणारे ७२ टक्के. त्याच अभ्यासात आपल्या समाजातल्या बायकांची जातीबाहेरची लग्नं रोखणं फार महत्त्वाचं आहे म्हणणारे ६४ टक्के. भिंतीपलीकडे चालेल, अलीकडे नको.

आणि पलीकडचंही किती खरं ते मला विचारा. दोन वर्षांत पश्चिम उपनगरांत अकरा घरं पाहिली भाड्याने. एजंट आधी आडनाव विचारतो, मग "नॉनव्हेज खाता का?" ज्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. पण अकरापैकी एकाही मालकाने "तुम्हाला देणार नाही" म्हटलं नाही. कोणाचा भाऊ दुबईहून परत येणार होता, कोणाला अचानक रंगकाम काढायचं होतं. एका आजींनी तर चहा पाजला, पोहे खायला घातले आणि मग सांगितलं की घर विकायला काढलंय. अजून ते विकलं गेलेलं नाही, मी रोज स्टेशनला जाताना बघतो.

या अकरा जणांच्या दारात टॅबवाली मुलगी गेली तर अकराच्या अकरा काय सांगतील? "आम्ही असलं काही मानत नाही."

गणिताचा_मास्तर
मंगळवार, रात्री १०:००

यावर दोन युक्त्या आहेत. पहिली साधी: "तुम्हाला चालेल का" विचारायचंच नाही. "तुमच्या सोसायटीतल्या बाकीच्यांना चालेल का" विचारायचं. माणूस शेजाऱ्याच्या नावावर स्वतःचं मन मोकळं करतो.

दुसरी मला फार आवडते. निम्म्या लोकांना चार गोष्टींची यादी द्यायची: जिन्यातल्या चपला, रात्रीचा टीव्हीचा आवाज, दुसऱ्याच्या जागेतली गाडी, गॅलरीतून पडणारं पाणी. किती खटकतात तेवढा आकडा सांगा, कोणत्या ते नको. उरलेल्या निम्म्यांच्या यादीत पाचवी ओळ घालायची, "शेजारी दुसऱ्या धर्माचं कुटुंब येणं." दोन गटांच्या सरासरीत जो फरक येईल तो लपवलेला आकडा. कोणा एकाचं गुपित फुटत नाही, पण इमारतीचं फुटतं.

वडाळा_ट्रक_टर्मिनल
मंगळवार, रात्री १०:१५

हे आवडलं. पण मग मास्तर, तुम्हीच म्हणताय की दार उघडत नाहीत, उघडलं तर खोटं बोलतात, जनगणना जुनी, जागांचं गणित जमत नाही. मी पहिल्याच प्रतिसादात पैशांचा खेळ म्हटलं ते चुकलं कुठे?

करीरोडकर
बुधवार, सकाळी ६:५०

चुकलं इथे, की टीव्हीवरचा आकडा म्हणजेच सर्व्हे असं तुम्ही धरून चाललात. जागा सांगणं हा त्यातला सगळ्यात कच्चा भाग, आणि तोच विकला जातो. मतदान सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ ने बंदी आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून त्या संध्याकाळी घड्याळात साडेसहा वाजले रे वाजले की सगळे तुटून पडतात. घाईच्या त्या बाजारात "माहीत नाही" असं म्हणायची कोणाची टाप नाही.

दुसरी जात आहे संथ कामाची. दिल्लीत राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी १९६३ ला सीएसडीएस ही संशोधन संस्था काढली, १९६७ च्या निवडणुकीपासून त्यांनी देशभर मतदारांचा अभ्यास केला. आताचं त्यांच्या लोकनीती या कार्यक्रमाचं काम त्याच वाटेवरचं आहे. मतदान झाल्यावर, निकालाआधी, यादीतल्या माणसाच्या घरी जाऊन बसायचं. कोण जिंकलं ते दोन दिवसांत कळणारच असतं. कोणत्या वयाच्या, कोणत्या जातीच्या, किती शिकलेल्या माणसांनी कोणाला मत दिलं, ते मतदानयंत्र कधीच सांगत नाही. त्यांचेही अंदाज चुकलेत. पण मला त्यांचा एक प्रकार पटतो. मत कोणाला दिलं हे ते तोंडी विचारत नाहीत. नकली मतपत्रिका हातात देतात, त्यावर खूण करायची आणि सोबत आणलेल्या डब्यात टाकायची. विचारणाऱ्यालाही दिसत नाही.

आम्ही १९९९ ला मोठ्याने विचारायचो. गॅलरीत, पाच जणांसमोर. मी भरलेले शेकडो फॉर्म कुठल्यातरी टक्क्यात गेले असतील, आणि त्यातल्या कितीतरी बायकांचं उत्तर त्यांच्या नवऱ्यांचं होतं. मी ते बाईच्या रकान्यात लिहिलं. टपरीवरच्या त्या पठ्ठ्याला काढून टाकलं, मला शाबासकी मिळाली.

शिवडी नाका, तुमच्या पेन्सिलच्या यादीत बायकांपुढे वेगळी खूण असायची का?

शिवडी_नाका
बुधवार, सकाळी ७:३५

खरं सांगू? नाही. घराला एक खूण. घरातला पुरुष आपला म्हणजे चार मतं आपली.

पण मग मघाचं ते "अंदाज बरोबर निघाला" आता मलाच नीट मोजावं लागेल. काही इमारतींत दरवेळी थोडी मतं कमी यायची. आम्ही म्हणायचो, लोक आलेच नाहीत मतदानाला.

खडू_डस्टर
बुधवार, सकाळी ७:५०

आल्या होत्या हो. मी बूथवरच होते.

करीरोडकर
बुधवार, सकाळी ८:०२

माई, एक विचारतो. त्या तीन वेळांपैकी एकदा जरी कोणी कागद आणि डबा पुढे केला असता, तर खरं टाकलं असतंत का?

मुलुंडची_माई
बुधवार, दुपारी १:१५

जेवणं आटोपून आता बसले. विचार केला यावर.

खरं टाकलं असतं बहुतेक. पण कागद दुमडायच्या आधी ह्यांनी पेपर खाली ठेवून हात पुढे केला असता, "आण इकडे, बरोबर भरलंयस का बघतो."